मेस्त्रींच्या दाराचा उंबरठा

पडदा वर जातो तेव्हा समोर एकच खोली. मागे नवंकोरं दार, पॉलिशचा वास अजून न गेलेलं. दाराखाली जुन्या चादरीची वळकटी, भिजून चिंब. उजवीकडे खुर्चीत मेस्त्रींच्या पत्नी, आमच्या वहिनी, त्यांच्यापुढे वॉकर. मध्यभागी आमच्या नाटक कंपनीचे सुतार, सगळ्यांचे मेस्त्री, बादलीत फडकं पिळत बसलेले.

"जपून या, बाई. आमच्याकडे तळं झालंय," मेस्त्री मला म्हणाले.

या माणसानं आम्हा नटमंडळींना रंगमंचावर महाल दिले, तुरुंग दिले, झोपड्या दिल्या. प्रत्येकाला दार दिलं. त्या दारांना उंबरठा कधीच नसे. नायिका धावत येते. ती अडखळली तर प्रेक्षक रडायच्या जागी हसतील. खाली बोटभर फटही ठेवत, म्हणजे अंथरलेल्या कापडाला दार घासत नाही. कंपनी बंद पडली आणि म्हातारपणी मेस्त्रींनी स्वतःच्या घराला दार केलं. हातांनी सवयीचं तेच केलं. उंबरठा नाही, खाली बोटभर फट.

"छान झालंय हो," वहिनी तेव्हा म्हणाल्या होत्या, "आता प्रॉम्प्टर कुठे बसवायचा?"

पण गल्लीचा उतार थेट दाराकडे. पाऊस आला की पाणी आत.

"मग बसवा की उंबरठा," मी म्हटलं.

मेस्त्रींनी वहिनींच्या पायाकडे पाहिलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून वहिनींचा डावा पाय उचलत नव्हता, फरपटत यायचा. तरी रोज संध्याकाळी वॉकर सरकवत त्या समोर बहिणीकडे जात. बहीण अंथरुणाला खिळलेली. दोघी मिळून सगळ्या गल्लीची यथेच्छ निंदा करत आणि वहिनी ताज्यातवान्या होऊन परत येत. त्यांचं बाहेरचं जग तेवढंच उरलं होतं.

उंबरठा घ्यायला दुकानात मीही गेले. दुकानदारानं चार बोटं उंचीचा काळा दगड पुढे सरकवला. "काका, हा घ्या. मुंगीसुद्धा आत येणार नाही."

"मुंगीचं राहू द्या हो. माझ्या बायकोला बाहेर जायचंय."

मग त्यानं ॲल्युमिनियमची चपटी पट्टी काढली, खाली रबर लावलेली. "पाय सहज जाईल. पण पाणी साचून राहिलं तर माझी खात्री नाही."

मेस्त्री कितीतरी वेळ दगडावरून हात फिरवत राहिले. घेतली मात्र पट्टी.

पुढच्याच मोठ्या पावसात रबराखालून पाणी शिरलं. वहिनी ओल्या फरशीवर घसरल्या. हाड वाचलं, धीर गेला. न्हाणीघरापर्यंत जातानाही त्या भिंत धरू लागल्या. मेस्त्रींनी पट्टी उखडून दगड आणला.

दगडावरून जायला त्यांनी लाकडी उतार करून पाहिला. बेताचा उतार ठेवावा तर तो लांबत खाटेला जाऊन भिडे. आखूड केला तर चढ असा, की वॉकर मागे सरके. तीनदा केला, तीनदा मोडला.

"पुरे आता," वहिनी म्हणाल्या. "तालमी फार झाल्या. मला नाही जायचं कुठे."

"अगं, पण बहीण वाट बघते ना."

"बघू दे. मी पण बघते."

परवा गेले तेव्हा बाहेर पाऊस धो धो कोसळत होता आणि खोली कोरडी ठणठणीत. दगड चोख बसलाय, सांध्यात केस जाणार नाही. वॉकरवर टॉवेल वाळत घातला होता. वहिनींची खुर्ची दारासमोर ओढलेली. गल्लीपलीकडच्या खिडकीतून एक बारीक हात वर झाला. वहिनींनीही हात केला. बोलणं पावसात ऐकू जात नव्हतं. मेस्त्री खाटेच्या कडेला बसून ते बघत होते. कंपनी बंद झाली त्या दिवशीसुद्धा त्यांचा चेहरा इतका रिकामा नव्हता.

मी निघाले. पावसाचे शिंतोडे वहिनींच्या पायांवर उडत होते, म्हणून जाताना दार लावून घेऊ लागले.

"ओढू नका, बाई," मेस्त्री म्हणाले. "राहू द्या उघडं. तेवढीच दिसते तिला बहीण."