अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

विजेच्या बिलावर त्याचं खरं नाव यायचं, तेवढंच. बाकी बस डेपोमागच्या गल्लीत तो ग्रोकशेठ. दुकानावर पिवळ्या ठसठशीत अक्षरांत बोर्ड होता, 'ग्रोक टायर वर्क्स', आणि त्याखाली बारीक अक्षरांत हवा, पंक्चर, व्हल्कनायझिंग. बोर्डाला वीस वर्षं होऊन गेली होती. लोक दुकानाला देवाचं नाव देतात, नाहीतर पोराचं. याचं नाव इंग्रजी, आणि तेही भल्याभल्यांना न समजणारं. याचा त्याला कोण अभिमान!

"शेठ, ग्रोक म्हणजे काय हो?" गिऱ्हाईक विचारायचं.

टायरमध्ये लोखंडी टॉमी खुपसत तो सांगायचा, "लक्ष ठेवणारा. पहारेकरीच म्हणा. आमच्या दादानं दिलंय. इंग्रजीचे मास्तर ते, ऐरेगैरे नव्हेत."

आई-बाप पाठोपाठ गेले आणि हा दादाच्या दारात येऊन पडला, तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. दादाच्या दोन खोल्या. त्यांत एक अख्खं कपाट पुस्तकांचं. दादाला जुने, अडगळीतले इंग्रजी शब्द जमवायचा नाद. कुणी बाटल्यांची बुचं जमवतं तसा. हा दिवसभर गॅरेजात चाकं खोलायचा आणि कोपरापर्यंत काळा होऊन घरी यायचा. घरात आधी दादा जेवणार, दादांबरोबर त्यांचे मास्तर दोस्त जेवणार, आणि सगळं उरकल्यावर वहिनी भांड्याचा तळ खरवडून याच्या ताटात टाकणार. तोवर हा हातपाय धुऊन दाराच्या चौकटीला टेकून उभा. पोटात नुसते कावळे.

"आला बघा आमचा ग्रोक!" दादा म्हणायचे, आणि मास्तर मंडळींना हसता हसता ठसका लागायचा.

एकदा यानं धीर करून अर्थ विचारला. दादा दात कोरत होते. "लक्ष ठेवणारा. फार जुना शब्द आहे, आता कुणी वापरत नाही. तुझ्यासाठी म्हणून शोधून काढला."

पोराची छाती वीतभर फुगली. दादाचे जुने शर्ट, दादाच्या झिजल्या चपला. आजवर सगळं उतरलेलंच अंगावर आलं होतं. हे पहिलं कोरं.

म्हणून दुकान काढलं तेव्हा तेच नाव दिलं. उद्घाटनाला दादा आले, बोर्ड वाचला आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. याला वाटलं, आनंदाचं पाणी.

पुढं याची पोरगी कॉलेजात गेली आणि तिनं इंग्रजी घेतलं. एका संध्याकाळी ती कॉलेजातून उशिरा घरी आली. जेवताना म्हणाली, "बाबा, तुमचा शब्द सापडला. लायब्ररीत उशीएवढी जाड डिक्शनरी आहे, तिच्यात. स्पेलिंग जी-आर-ओ-ए-के."

"मग सांग की! आईलाही कळू दे."

"दोन अर्थ दिलेत. एक म्हणजे संशयानं टक लावून बघणं."

"बघ! पहारेकरी."

"दुसरा…" पोरगी भात चिवडायला लागली. "त्याच अर्थानं जास्त वापरायचे म्हणे. कुणी जेवत असलं की आपल्यालाही देतील, या आशेनं त्याच्या तोंडाकडे मुकाट बघत राहणं. कुत्र्यांना म्हणायचे. आणि बारक्या पोरांना."

यानं हातातला घास परत ताटात ठेवला.

बायको भडकली. "म्हणजे इतकी वर्षं हे कपाळावर मिरवताय तुम्ही? आणि त्याच माणसाला मी रोज डबा रांधतेय?"

डब्याचं खोटं नव्हतं. वहिनी गेली, दादाचा लेक परदेशात जाऊन बसला, तेव्हापासून दादाचं पोट या घरावर होतं. डबा हा स्वतः पोचवायचा.

दुसऱ्या दिवशीही पोचवला. पण दादापुढं ठेवला नाही. टेबलाच्या आपल्या बाजूला ओढून घेतला आणि झाकण काढलं. भात, रस्सा, उकडलेली अंडी. वाफ दादाच्या चष्म्यावर गेली.

"दादा, ग्रोक. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा."

दादानं वर पाहिलं. ना लाज, ना खंत. "कळलं होय? फारच वेळ लागला तुला."

यानं भात कालवला आणि खायला सुरुवात केली. सावकाश, बोटं चाटत. दादाची नजर आधी खिडकीकडे गेली, मग कपाटाकडे, आणि शेवटी यायची तिथं आली. याचा हात डब्याकडून तोंडाकडे गेला की नजर त्याच्या मागोमाग. गळ्याची घाटी वर-खाली व्हायला लागली.

"हे झालं वाक्य," हा म्हणाला.

तिसरा घास मात्र गिळेना. दया आली म्हणावं, तर तसलं काही नव्हतं. ती नजर त्याच्या ओळखीची होती. आतून ओळखीची. त्यानं डबा ढकलून दिला. दादानं तो दोन्ही हातांनी ओढून घेतला आणि उष्टं-माष्टं न बघता जेवायला लागले.

"शब्द मात्र अचूक होता हं," भरल्या तोंडानं ते म्हणाले. "तुला दुसरा कुठला बसलाच नसता."

रिकामा डबा घरी न्यायचा होता. म्हणून हा दाराशी जाऊन, चौकटीला टेकून, दादाच्या हाताकडे बघत उभा राहिला.

"जरा सरक," दादा म्हणाले. "उजेड अडतोय."

त्याच दुपारी त्यानं पेंटर बोलावला. बोर्डावरचा तो एक शब्द डांबरासारख्या काळ्या रंगानं मारून टाकला. "त्या जागी काय लिहू?" पेंटरनं विचारलं. राहिलं नुसतं 'टायर वर्क्स'.

रंग वाळायच्या आत एक रिक्षा मागचं चाक फदफदवत आली.

"ओ ग्रोकशेठ, बघा की जरा!"

तो टबातल्या पाण्यात ट्यूब दाबून पंक्चर शोधत बसला होता. बोर्डावरच्या ओल्या काळ्या रंगाकडे त्यानं एकदा पाहिलं. मग हात पुसले आणि उठला.

"आलो," म्हणाला.