फुनाबोरीचा वॉल्ट्झ

आमच्या फुनाबोरीच्या डान्स क्लासचे किस्से सांगायला बसले की समोरचा चहा गार होतो. त्यातले निम्मे माझ्या सासू-सासऱ्यांचे. दोघं पुण्याहून तीन महिन्यांसाठी जपानला आमच्याकडे आले होते. घरात बसून कंटाळायचे, म्हणून दर शनिवारी मी त्यांना बरोबर न्यायला लागले.

*

पहिल्याच दिवशी बाबांनी भिंतीकडची खुर्ची पकडली. "नाचा तुम्ही. मी बघतो."

आईंना मात्र नाचायचं होतं, आणि तेही बाबांबरोबर. ट्रेनमध्येच मला हळूच म्हणाल्या होत्या, "पंचेचाळीस वर्षं झाली गं, रस्त्यानं हे कायम दहा पावलं पुढे. एकदा तरी समोर उभे राहू देत."

*

आमच्याकडे नाचण्याआधी जोडीदाराला वाकून नमस्कार करतात. आईंसमोर आले ऐंशीचे मोरी-सान. ते वाकले. वयानं मोठे म्हणून आई जास्त वाकल्या. पाहुण्या म्हणून ते आणखी वाकले. आई थेट पाया पडायलाच निघाल्या, तेवढ्यात गाणं संपलं!

*

आमच्या बाई, साटो-सेन्सेई, मधेमधे युरोपातल्या गोष्टी सांगतात. मी त्या मराठीत सांगायचे. "पूर्वी तिकडे वॉल्ट्झमध्ये बाईच्या कमरेला हात लावून नाचणं म्हणजे फारच झालं. मुलींच्या आया भिंतीकडच्या खुर्च्यांवर बसून पहारा द्यायच्या."

सगळा क्लास बाबांकडे बघायला लागला. बाबा खुर्चीवरून उठले. आईंचा चेहरा एकदम खुलला.

बाबा खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

*

क्लासला पुरुष चार, बायका अकरा. त्यामुळे निम्म्या बायका पुरुषाची, म्हणजे पुढे जायची पावलं शिकतात. आईंच्या वाट्याला तीच आली. सेन्सेई म्हणाल्या, "आता युरोपातही बायका पुढाकार घेतात, पुरुष मागे जातात." आई तर एकेकीला हॉलभर फिरवायच्या.

मी म्हटलं, "आई, बाईची पावलंही शिकून घ्या ना. बाबांबरोबर लागतील."

"ते उठले तर शिकेन," त्या म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं.

*

शेवटचा शनिवार. सोमवारचं विमान. सेन्सेईंनी शेवटचं गाणं लावलं आणि बाबा खिडकीपासून निघाले. शर्ट नीट केला, आईंसमोर आले आणि मोरी-सानांसारखे वाकले.

"मला काही येत नाही," बाबा म्हणाले.

"मला पुरुषाचंच येतं," आई म्हणाल्या. "तुम्ही उलटे चला."

बाबांनी एक पाऊल मागे टाकलं आणि थांबले. "अगं, मागचं काही दिसत नाही मला."

"मला दिसतंय ना. चला तुम्ही."