मडगार्डवरची जागा

रिजेक्टमावशींना मी पाच वर्षांत एकदाही बसलेलं पाहिलं नाही. त्यांच्या घरात सोफा होता, मुलाने हौसेने आणलेली आरामखुर्चीही होती. मावशी दोन्हींवर कपडे वाळत घालायच्या. चहा उभ्याने, जेवण उभ्याने, टीव्ही पाहायचा तोही दाराच्या चौकटीला टेकून. "बसा की जरा," म्हटलं की उत्तर ठरलेलं असायचं, "बसलं की गंज लागतो."

वराळ्याच्या आमच्या सोसायटीत त्यांचं दार माझ्या दारासमोर होतं. मावशी मूळच्या औंढ्याच्या. नवरा गेल्यावर त्या मुलाला घेऊन इकडे आल्या आणि एका कारखान्यात रंगाच्या लाइनवर लागल्या. रंगवलेले पत्रे आकड्यांना लटकून समोरून सरकायचे आणि ट्यूबलाइटखाली उभं राहून मावशी त्यांतला डाग शोधायच्या. मोहरीएवढा कण दिसला तरी "रिजेक!" शेवटचा ट त्या कायम गिळायच्या. वय झालं म्हणून कारखान्याने त्यांना घरी बसवलं. हे 'बसवलं' त्यांना मुळीच मान्य नव्हतं. हात मोकळे झाले तरी डोळे काही थांबेनात. भाजीवाल्याची वांगी रिजेक, इस्त्रीवाल्याच्या घड्या रिजेक, मुलासाठी आलेली दोन स्थळं तर पोहे संपायच्या आत रिजेक.

माझा स्वभावही उतावळाच. घरून काम करायचं, त्यात डोकं उठलं की प्लास्टिकची छोटी वाहनं जोडून रंगवायची. रस्त्यावरच्या गाड्या नव्हेत, अजून कुणी न बनवलेल्या. परग्रहावर चालणाऱ्या, आठ चाकांच्या, उंच अँटेना लावलेल्या, पण तळहातावर मावतील एवढ्या. रंगवून झालं की त्या मुद्दाम जुन्या करायच्या असतात. धूळ बसवायची, पोपडे काढायचे, गंज चढवायचा. आमच्या छंदात खरी कसोटी तिथेच लागते, आणि मी त्यात स्वतःला बरा समजत होतो.

एकदा मावशी आमटीची वाटी परत द्यायला आल्या आणि टेबलापाशी थबकल्या.

"ही गाडी कोन चालवतं?"

"कोणी नाही हो मावशी. शोभेची आहे."

"दिसतंयच. सगळीकडं सारका मळ शिपडलायस. मळ काय कुंकू हाय व्हय?" त्यांनी गाडी उचलून खिडकीकडे धरली. "डायवर डावखुरा का उजवा? पाय कुटं ठिवून चढतो? दार हातानं लावतो का ढुंगनानं? आदी ते ठरीव, मंग घान कर. रिजेक."

मला राग आला. एवढी किमती परदेशी रसायनं वापरून केलेलं काम एका दमात निकालात निघालं होतं. पण रात्रभर तो डावखुरा ड्रायव्हर डोक्यातून जाईना. सकाळी मीच त्यांच्या दारात उभा राहिलो.

तेव्हापासून त्या माझ्या गुरू. त्यांनी माझी महागडी धूळ बाजूला सारली आणि औंढ्याहून आणलेली तांबडी माती सपिटाच्या चाळणीने चाळून बाटलीत भरून दिली. गंजाला गेरू, धुराला चुलीची काजळी आणि पोपड्यांना भांडी घासायच्या घासणीचा तुकडा. शिकवायची जागा म्हणजे आमचं पार्किंग. "ह्यो बारा नंबरवाला बग. दाराला गुडघा लावतो, हातात कायम फोन. आन् ही पांढरी बाईची गाडी हाय, आंगठीचे चरे दिसत्यात न्हवं?" एका गुरुवारी त्या मला शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला घेऊन गेल्या आणि मंदिराबाहेरच्या बसगाड्यांच्या पायऱ्या बघत तासभर फिरल्या. मी म्हटलं, "मावशी, दर्शनाची रांग वाढतेय." तर म्हणाल्या, "बाबा काय पळून जात्यात व्हय? बस जाईल." शेवटी कळसालाच हात जोडून आम्ही परतलो.

माझी सगळ्यात मोठी चूक त्यांनी धरली ती मात्र लोणावळेकराचीच होती. मी लोणावळ्यात वाढलो. आमच्याकडे चार महिने कपाटातल्या पट्ट्यालाही बुरशी येते, त्यामुळे जुनं म्हणजे ओलं आणि गंजलेलं, हे डोक्यात घट्ट बसलेलं. माझ्या प्रत्येक वाहनावर गंजाचे ओघळ आणि कोपऱ्याकोपऱ्यांत शेवाळ. मावशींनी एका गाडीकडे बोट दाखवून विचारलं, "ही चालती तितं पाऊस किती?"

"तो कोरडा ग्रह आहे. थेंबही पडत नाही."

मावशी जिन्यापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. त्या विचार करत असल्या की अशाच चालायच्या. मग म्हणाल्या, "मंग गंज कुटनं आनलास? लोनावळ्यातनं?" आणि इतक्या हसल्या की वरच्या मजल्यावरची दोन माणसं जिन्यात डोकावली. मीही हसलो, पण त्या दिवशी कपाटातली सहा वाहनं धुऊन काढली.

त्यानंतर एक वाहन त्यांनी स्वतःसाठी मागून घेतलं. आठ चाकी, पाठीवर टाकी. कोरड्या ग्रहावर पाणी पोचवणारी गाडी, आत सीट एकच. मावशी ती हातात घेऊन पॅसेजमध्ये येरझारा घालायच्या आणि चालता चालता अंगठ्याने रंग झिजवायच्या. मी पॉलिश पेपर पुढे केला तर झिडकारला. "घाईनं फाटतं, झिजत न्हाई. झिजायला मानूस लागतं." तीन महिने त्यांचं हे चाललं होतं. पायरी झिजली, दाराची मूठ झिजली, टाकीच्या झाकणाभोवती हाताचे ठसे उमटले. आणि डाव्या मागच्या चाकावरच्या मडगार्डवर नखाएवढा एक चकचकीत पट्टा उघडा पडला.

"मावशी, इथे कोण घासणार? सीट तर एकच आहे."

"आसंल कुनीतरी," त्या म्हणाल्या. मग गाडी माझ्या तळहातावर ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला. "पास."

पुण्यात छोट्या प्रतिकृतींचं प्रदर्शन होतं, स्पर्धाही होती. आम्ही दोघांच्या नावाने ती गाडी ठेवायची ठरवली. मावशींनी त्यासाठी नवी साडी काढली. आणि माझी तगमग सुरू झाली. परीक्षक जाणकार, त्यांची नजर नेमकी त्या पट्ट्यावर जाणार. एकच माणूस बसणाऱ्या गाडीचं मडगार्ड कोणी झिजवलं, असं विचारलं तर काय सांगायचं? आसंल कुनीतरी? निघायच्या दिवशी सकाळी मी ब्रश घेतला आणि तो पट्टा बुजवून टाकला. दोन हात रंग, वर चिमूटभर माती. पाच मिनिटांचं काम. मावशींना सांगितलं नाही. त्यांच्या लक्षात येणार नाही असं मला वाटलं, म्हणजे मोहरीएवढा डाग पकडणाऱ्या बाईच्या!

हॉलमध्ये त्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. नजर थेट मडगार्डवर गेली. मी 'रिजेक'ची वाट पाहत होतो. रिजेक म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

"डायवर येकटाच ऱ्हायला मंग," एवढंच त्या म्हणाल्या.

आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. येताना लोकलच्या दाराशी उभ्याने मी एकटाच बडबडत होतो. प्रशस्तिपत्र त्यांच्याकडे द्यायला गेलो तर म्हणाल्या, "तुजं तुला ठेव." रागावल्या नव्हत्या; माझ्याकडे आमटी येतच राहिली. पण त्यांनी पुन्हा कुठलंही वाहन हातात घेतलं नाही, आणि चैत्रात त्या औंढ्याला राहायला निघून गेल्या. फ्लॅटमध्ये जीव रमत नाही म्हणाल्या. मी येतो भेटायला म्हणालो, आणि गेलो नाही. काय चुकलं ते कळत नव्हतं, पण चुकलंय एवढं कळत होतं. अशा वेळी माणूस कामाची सबब सांगतो, तशी मी वर्षभर सांगितली.

मग त्या गेल्याचाच फोन आला.

दहाव्याला मी औंढ्याला गेलो. मंडळी पांगल्यावर त्यांचा मुलगा मला गोठ्याकडे घेऊन गेला. पत्र्याखाली त्याच्या वडिलांचा, तेलाचा बोळा फिरवून जपलेला जुना ट्रॅक्टर उभा होता. मी सवयीने बघू लागलो. पायरी झिजलेली, गिअरची मूठ झिजलेली. आणि डाव्या मडगार्डवर, पाटाएवढ्या जागेत, रंग पार उडून लोखंड आरशासारखं गुळगुळीत झालेलं.

"आई हितं बसायची," तो म्हणाला. "बाबा चालवायचे, ही शेजारी. चिखलनी आसू, दळन आसू, बाजार आसू. दुसरीकडं कुटं बसलेली मी तरी बगितली न्हाई तिला."

मला तिथे उभं राहवेना आणि निघवेनाही. मी त्या जागेवर हात ठेवला. लोखंड उन्हाने कोमट झालं होतं. मी पाच मिनिटांत काय पुसलं होतं, ते मला तेव्हा कळलं, आणि मी तिथेच, त्यांच्या मुलासमोर, रडलो.

ती पाण्याची गाडी आता माझ्या टेबलावर असते. मावशींचा पट्टा माझ्या रंगाखाली आहे. थिनर लावून माझा रंग काढायला गेलो तर त्यांची तीन महिन्यांची झीजही त्याबरोबर धुऊन जाईल, आणि पॉलिश पेपरने ती फाटेल. म्हणून रोज काम संपलं की मी गाडी हातात घेऊन पॅसेजमध्ये येरझारा घालतो आणि मडगार्डवर अंगठा फिरवतो. माती गेली आहे. वरचा हात थोडा पातळ झालाय. शेजारचे विचारतात, "बसत का नाही हो जरा?" ड्रायव्हरच्या शेजारची जागा मोकळी होईपर्यंत मला काही बसता यायचं नाही.