निळ्या ठिगळाचं इरलं

नोकरीत हाताळलेल्या कितीतरी खटल्यांचे आरोपी आज समोर उभे राहिले तरी मला ओळखू यायचे नाहीत. पोशीरजवळच्या एका गावातला तो खून मात्र डोक्यातून जात नाही, कारण त्यात चूक माझी होती.

तेव्हा मी कर्जतला फौजदार होतो आणि आमच्या जिल्ह्याचं नाव अजून कुलाबाच होतं. ऐन आवणीचे, म्हणजे भाताची रोपं लावायचे दिवस. दुपारी पोलीस पाटील भिजत ठाण्यात आला. ओढ्याकाठी एक शेतकरी कोयत्याच्या वारांनी मरून पडला होता. खबर देतानाच पाटलाने एक नाव सांगितलं. त्या माणसाचं मयताशी बांधावरून भांडण होतं आणि ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

पंचनामा चालू असतानाच साक्षीदारही मिळाली. ओढ्यापलीकडे आवणी करणारी, साठीची एक म्हातारी. "त्योच व्हता. कोयता घिऊन बांधावरनं पळाला," ती ठामपणे म्हणाली. मी जबाबात लिहिलं, ‘मी त्यास चेहऱ्याने ओळखले.’ आमची जबाबाची भाषा ठरलेली असायची, हात आपोआप चालायचा. त्याच्या अंगावर, पावसात पाठीवर घेतात ते, निळ्या ठिगळाचं इरलं होतं, असंही ती म्हणाली. तसं इरलं आरोपीच्या पडवीत मिळालं, तेही ओलं. मी ते जप्त केलं. चेहरा आणि इरलं, असे दोन पुरावे हातात आल्यावर मी खूश झालो.

आरोपी दुसऱ्या दिवशी माथेरानला सापडला. पावसाळ्यात बंद असलेला एक बंगला तो राखत होता.

"सायेब, मी चार रोज वरच हाय," तो ठाण्यात म्हणाला. "घोंगडी घिऊन गेलतो. इरलं पडवीत टांगल्यालं."

"मग ते ओलं कसं झालं रे?"

"त्ये मी कसं सांगू? मी वर व्हतो."

मला तो उद्धटपणा वाटला. तो माथेरानला होता असं सांगायला बंगल्याचा माळी आणि शेजारचा राखणदार कोर्टात आले, पण दोघे शब्दाला शब्द सारखंच बोलले. न्यायाधीशांना ते पढवलेले वाटले. मलाही वाटले. घाबरलेला खरा माणूससुद्धा साक्ष पाठ करून येतो, एवढी अक्कल तेव्हा मला नव्हती. आरोपीला जन्मठेप झाली. त्याची बायको कोर्टाच्या पायरीवर बसून राहिली, ती शेवटची एसटी जायची वेळ झाली तरी उठेना.

दोन वर्षांनी अपील सुनावणीला आलं. सरकारी वकिलांनी मला मुंबईला बोलावलं. "म्हातारी उभी होती तिथून बांध किती लांब, ते मोजून आणा," ते म्हणाले. "समोरचे वकील तेच धरून बसणार."

मी टेप घेऊन गेलो, तो शिक्षा कायम व्हावी म्हणूनच. पुन्हा आवणी चालू होती. मोजणी झाल्यावर म्हातारीने मला पडवीत बसवलं. इरलं म्हणजे बांबूच्या कामट्यांवर पानं शाकारून केलेलं, डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठ झाकणारं आवरण. तसं एक इरलं बांधावरून घराकडे येत होतं.

"थोरली सून आली बघा," ती म्हणाली. "चा घिऊन जावा."

इरलं पडवीत आलं, आणि त्यातून निघाली धाकटी.

म्हातारीला त्याचं काहीच वाटलं नाही. "इरलं थोरलीचं हाय, म्हनून म्हनलं. सर आली की जे हाताला लागंल ते घ्यायचं. आवणीत कोन बघतंय कुनाचं त्ये?"

मी तिच्याकडे वळलो. "आजी, त्या दिवशी त्याचं तोंड पाहिलं होतंत?"

"पाठमोरा व्हता की. पन ठिगळ त्याचंच व्हतं."

"मग कोर्टात तोंड पाहिलं म्हणून का सांगितलंत?"

"तुमीच वाचून दावलंत ना कोर्टाच्या व्हरांड्यात, आसं सांगायचं म्हनून."

नेरळला परत येताना मी सगळं पुन्हा जुळवून पाहिलं. मी दोन म्हणून मोजलेला पुरावा एकच होता, आणि तो पडवीत टांगलेला, कुणीही उचलून न्यावा असा होता. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. या तपासाबद्दल मला शाबासकी मिळाली होती, बढतीही जवळ आली होती. खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी गप्पच होतो. मग ती पायरीवरची बाई आठवत राहिली आणि तिसऱ्या दिवशी मी वकिलांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर कोरा कागद सरकवला. "लिहून द्या," एवढंच म्हणाले.

वरच्या कोर्टाने म्हातारीची फेरसाक्ष घ्यायला सांगितलं. आरोपीच्या वकिलांनी अलिबागच्या कोर्टात तिला आवाज चढवून विचारलं, "म्हणजे आधी खोटं बोललात?"

ती ताठ झाली. "खोटं कशापायी बोलू? मी इरलं वळखलं. मानूस सायबांनी लिवला."

मी मागच्या बाकावर होतो. मान वर करायची हिंमत झाली नाही. चेहरा पुराव्यातून गेल्यावर माळ्याच्या आणि राखणदाराच्या साक्षीला वजन आलं आणि आरोपी निर्दोष सुटला. खून कुणी केला याचा मला अंदाज आहे, पण सिद्ध करता आला नाही, म्हणून लिहीत नाही.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत साक्षीदाराने नाव घेतलं की मी लेखणी खाली ठेवायचो आणि म्हणायचो, नाव राहू दे, आधी दिसलं काय ते सांग.

निर्दोष सुटलेला तो माणूस पुढच्याच वर्षी आवणीच्या तोंडावर ठाण्यात आला. केस पांढरे झाले होते. "सायेब, माजं इरलं द्या," तो म्हणाला.

मुद्देमाल कोर्टातून परत आला होता. पानांचा भुगा झाला होता, नुसत्या कामट्या आणि ते निळं ठिगळ उरलं होतं. मी ते त्याच्या हातात दिलं आणि म्हणालो, "माझं चुकलं. मला माफ कर."

त्याने पावतीवर अंगठा दिला. कामट्यांचा सांगाडा उलटसुलट करून पाहिला आणि खांद्यावर टाकला.

"मी सांगितलं व्हतं, सायेब," तो म्हणाला. "पडवीत टांगल्यालं."