शेगडीची तिची बाजू

माझी बायको गेली त्याले आता दुसरा हिवाळा. घर रिकामं झालं म्हणतात लोक. खोटं आहे. घर तिच्याच सामानानं भरलेलं आहे, फक्त आवाज नाही. सकाळी कुरुदच्या घराच्या अंगणात खुर्ची टाकून बसतो. ऊन पाठीवर आलं की अर्धा मी इथं असतो आणि अर्धा प्लांटनं दिलेल्या सेक्टर सहाच्या जुन्या क्वार्टरमध्ये.

अशाच एका सकाळी नातीनं लोखंडाच्या तीन पट्ट्या माझ्या मांडीवर ठेवल्या. ती दुर्गच्या कॉलेजात फिजिक्स शिकते.

"आबाजी, यांना रंग सांगा. पट्टी चारशे डिग्रीपर्यंत तापवायची आहे. रंग टिकला पाहिजे, और गरमी भी अच्छी फेंकनी चाहिए. कोणता रंग किती उष्णता बाहेर टाकते, तेच मोजायचं आहे. मी घरातला काळा लावला होता, सगळा धूर झाला."

"होईलच. तो दाराचा रंग आहे."

शाळा माझी चौथीपर्यंत. पण तापल्या लोखंडावर काय टिकते ते मले विचारा. जिंदगी पोलादाच्या प्लांटात रंग मारण्यात गेली. गरम पाइप, धुराडी, भट्टीची दारं, आम्ही सगळ्याले सिल्वर, म्हणजे ॲल्युमिनियमचा चमकता रंग, मारत होतो. तिलेही तेच सांगितलं. एक पट्टी तारेच्या ब्रशनं घासली, थिनरनं पुसली, सिल्वरचे दोन पातळ हात मारले. जाड मारला की फोड येतात. वाळल्यावर हळूहळू तापवायले लावलं, घाई करू दिली नाही. रंग जागचा हलला नाही. मी मिशीवर हात फिरवला.

मग तिनं कोरी गंजकी पट्टी बाजूले तेवढीच तापवली. म्हणाली, "आता समोर हात धरा. शिवू नका."

गंजक्या पट्टीसमोर तळवा चरचरला. सिल्वरसमोर काहीच नाही, जशी कोमट भिंत.

"सिल्वर टिकते, पण गरमी स्वतःजवळच ठेवते, आबाजी. कंजूस आहे."

"तुझ्या मीटरमध्ये गडबड असेल."

"मीटर लावलंच कुठं? तुमचाच हात आहे."

मी हात तसाच धरून राहिलो. डोळ्यांपुढून अंगण सरकलं आणि क्वार्टरचं मागचं आवार आलं. धुकं, जांबाचं झाड, आणि आमची शेगडी.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात हथखोजच्या कारखान्यांकडच्या एका वेल्डरकडून ड्रम कापून ती शेगडी बनवली होती. गंजकी दिसत होती म्हणून मी तिले सिल्वर मारला. बायको हात शेकायले बसली आणि म्हणाली, "अजी, दिसते तर नवरीसारखी, पण ऊब देत नाही."

"कोळसा ओला असेल."

दुसऱ्या दिवशी म्हटलं, कोळसा कमी टाकला. तिसऱ्या दिवशी म्हटलं, रंगाचं मले शिकवू नको, मी प्लांटात आहे. एका दुपारी विटेचा तुकडा घेऊन तिनं शेगडीची एक बाजू घासून काढली, पार लोखंड दिसेपर्यंत.

"कावून घासली?"

"माझ्याच बाजूची घासली ना. तुमची चमकून राहिली, बसा तिकडं."

तेव्हापासून आम्ही तसेच बसलो. ती गंजक्या बाजूले, मी चमकत्या. तिचे गाल लाल व्हायचे, माझे गुडघे गार. दर हिवाळ्यात एकदा तरी म्हणायची, "इकडं सरका, जागा आहे." मी गेलो नाही. किती हिवाळे गेले असे. गेलोच नाही.

"आबाजी, काय झालं?"

"काही नाही. चाल, हथखोजले जाऊ."

तिथं धुराड्याले आणि मोटारसायकलच्या सायलेन्सरले लावतात तो काळा, बिनचमकीचा रंग मिळते. मी डबा उघडून काडीवर घेतला, चमक नाही ते पाहिलं. घरी येऊन तसेच पातळ हात मारले, तसंच हळूहळू तापवलं. रंग टिकला. यावेळी हात लांबूनच मागं घ्यावा लागला. नात हसली. तिचं काम झालं.

डब्यात रंग उरला होता. ती म्हणाली, "आजीची शेगडी पडली आहे, तिलाही मारून टाकू?"

"हात लावू नको तिले."

संध्याकाळी न्हाणीघरामागून शेगडी काढली, पेटवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या बाजूले बसलो. ऊब आधी नडगीवर आली, मग छातीवर, मग तोंडावर, जसं कोणी श्वास सोडून राहिलं. निखाऱ्यावरची हवा हलत होती आणि पलीकडची भिंत पाण्यासारखी दिसत होती.

"तुझं बरोबर होतं," मी म्हटलं. मोठ्यानंच म्हटलं.

नात चहा घेऊन आली आणि माझ्या जुन्या जागेवर बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "आबाजी, इधर तो गरमी लगती ही नहीं."

"ती चुकीची बाजू आहे," मी म्हटलं. "इकडं सरक, जागा आहे."

ती लगेच उठून आली.