एकवीस नंबरची खोली

आमच्या इस्पितळात चौकशीची खिडकी एकच आणि बावीस वर्षं तिच्यात मावशी. शेजारच्या खिडकीत मी केसपेपर काढते, त्यामुळे त्यांचं बोलणं दिवसभर माझ्या कानावर. एक्स-रे कुठे, रिपोर्ट कधी, नळ कुठे. हे सगळं भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलंय, पण वाचतंय कोण. लोक आधी लिफ्टवाल्याला विचारणार, मग मावशींना, आणि मावशींनी सांगितलं की खात्री करायला परत लिफ्टवाल्याला. माझं डोकं फिरतं. मावशी म्हणतात, "अगं, घाबरलेल्या माणसाला भिंत वाचता येत नाही."

एकाच प्रश्नाचं उत्तर त्यांनी ठरवून टाकलेलं. डॉक्टरांनी कागदावर एकवीस नंबर लिहून दिला की माणूस येऊन विचारतो, तिथे काय असतं? तिथे कॅन्सरचे डॉक्टर बसतात, पण दारावर नुसता आकडा. मावशी म्हणायच्या, "सरळ जा, डावीकडे वळा. बाकी डॉक्टर सांगतील." आणि मान वर न करता पुढच्याचा कागद ओढायच्या. संध्याकाळी घरी जेवताना ते सगळं काकांपाशी, म्हणजे आपल्या यजमानांपाशी, ओकून टाकायच्या. आज दोघांना एकवीस, आज एका पोरसवदा बाईला. "त्यांना सांगितलं की मग झोप लागते," म्हणायच्या.

काकांचा आवाज दोन महिने बसला होता. डॉक्टरांना दाखवा म्हणून मावशींनीच त्यांच्यामागे लकडा लावला. परवा रिपोर्ट मिळायचा होता. मावशींनी रजा मागितली, तर साहेबांनी तोंड वाकडं केलं. मग काका एकटेच वर गेले आणि मावशी खिडकीत बसल्या. सकाळपासून त्यांनी तिघांना चुकीचा मजला सांगितला.

अकराच्या सुमारास काका रांगेत दिसले. मी पुढे या म्हणून खुणावलं, तर हातानेच नको म्हणाले. नंबर आल्यावर कागद खिडकीत सरकवला. मी मान लांब करून पाहिलं. एकवीस.

"तिथे काय असतं गं?" काकांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

मावशींनी कागद उलटा करून पुन्हा सुलटा केला. मागचा माणूस चुळबुळ करायला लागला.

"सरळ जा, डावीकडे वळा," त्या म्हणाल्या. "बाकी डॉक्टर सांगतील."

सवयीने त्यांनी पुढच्या कागदासाठी हात पुढे केला. काका हलले नव्हते.

"मग आज जेवताना कोणाचं सांगशील?"

मावशी उठल्या. भर गर्दीत खिडकी लावून बाहेर आल्या आणि काकांचं कोपर धरलं. "चला. मीच सांगते."

डावीकडच्या वळणावर दोघं बराच वेळ उभी होती. येणारेजाणारे तिथेही मावशींना विचारत होते, एक्स-रे कुठे, रिपोर्ट कधी. एका हाताने डोळे पुसत मावशी सांगत होत्या.