ओवाळणीतला ब्रेक

सुभेदार ओरडले, "पुढचा ब्रेक!" आणि मी उजव्या हाताची मूठ आवळली. मुठीत काहीच आलं नाही. माझ्या फटफटीला पुढचा ब्रेकच नव्हता, आणि हे मला चांगलं ठाऊक होतं. पण कुणी ओरडून सांगितलं की आधी करायचं आणि मग विचार करायचा, ही कारकुनीत मुरलेली सवय. घाबरून मी पायाखालचा मागचा ब्रेक जीव एकवटून दाबला. फटफटीचं ढुंगण डावीकडे गेलं, मी उजवीकडे, आणि आम्ही दोघं चुन्याची रेघ ओलांडून शेळ्यांच्या कळपापर्यंत घसरत गेलो. शेळ्या शांतपणे बाजूला झाल्या. धनगराचा म्हातारा काठीवर हनुवटी टेकवून बघत होता. त्याचा रविवार मजेत गेला असावा.

गावाबाहेरच्या माळावर लढाईच्या काळातली एक पडीक धावपट्टी होती. सुभेदारांची हयात लष्करात फटफटीवरून निरोप नेणाऱ्यांना तयार करण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर ते दर रविवारी सकाळी त्या पट्टीवर आमच्यासारख्या रोज रस्त्यावर गाडी चालवणाऱ्यांना, आमच्याच गाड्यांवर शिकवायचे. वेगात वळण कसं घ्यायचं, वेगात असताना थांबायचं कसं. आधी ते प्रत्येकाची गाडी तपासत. माझा तो पहिलाच रविवार; मी नेहमीप्रमाणे उशिरा पोचलो आणि तपासणी चुकवून थेट रांगेत घुसलो होतो.

ते चालत आले, मला उठवायच्या आधी गाडी उठवली आणि हँडलकडे बघत म्हणाले, "ब्रेक कुटं हाय?"

"काढलाय," मी विजार झटकत जरा ऐटीतच सांगितलं. "आमच्याकडे सगळेच काढतात."

ते खरंच होतं. शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात एकानं खडीवर पुढचा ब्रेक आवळला, तो हँडलवरून उडाला आणि पुढचे दात गमावून बसला. तेव्हापासून पुढचा ब्रेक म्हणजे मरण, हे सगळ्यांनी पक्कं धरलं. नवी गाडी आली की नारळ फोडायचा, हार घालायचा, आणि मिस्त्रीकडून पुढच्या ब्रेकची दांडी आणि वायर काढून घ्यायची. मिस्त्रीही न विचारता पाना हातात घ्यायचा.

पण ही गाडी माझी नव्हती. माझ्या मेहुण्याची, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाची. तो टेंभुर्णीला राहायचा, शेतावरच्या मोटारी दुरुस्त करत गावोगाव हिंडायचा. गाडी घेतली त्या दिवाळीत तो भाऊबीजेला आमच्याकडे आला. बायकोनं ओवाळलं. त्यानं ताटात साडीचं पुडकं ठेवलं, ते तिनं उचलून त्याच्याच मांडीवर ठेवलं. साडी नको म्हणाली. पुढचा ब्रेक काढून टाक, तीच माझी ओवाळणी. तो मोठ्यानं हसला. "दाजी, स्वस्तात सुटलो की," असं मला म्हणाला आणि जेवायच्या आधी मिस्त्रीकडे जाऊन ब्रेक काढून आला. मग साडीही तिला नेसायला लावली.

पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. दुष्काळी कामाची खडी नेणारा ट्रक हमरस्त्यावर आडवा वळत होता आणि हा भरधाव येत होता. पंचनाम्याला मी उभा होतो. डांबरावर मागच्या चाकाची काळी रेघ उमटली होती, लांबच लांब. ती ट्रकपाशी संपत होती. पोलिसानं टेप धरायला सांगितली, ती मी धरली, आणि घरी येऊन बायकोला एवढंच सांगितलं की त्याला काही कळलंसुद्धा नसेल.

सासऱ्यांना गाडी दारात बघवेना आणि विकायलाही मन होईना. त्यांनी पुढचा भाग दुरुस्त करून ती आमच्याकडे पाठवली. दुरुस्त करणाऱ्यानंही ब्रेक लावला नाही. नसतोच म्हटल्यावर कशाला लावेल? बायको रोज तिच्यावरून फडकं फिरवायची, पण बसायची नाही. मी एकदा चालवू का म्हणून विचारलं, तर तिनंच सुभेदारांची शाळा शोधून काढली. शिकून आलात तर चालवा, म्हणाली, नाहीतर उभी राहू दे.

तर सुभेदारांनी मला त्यांची स्वतःची गाडी दिली. दोन्ही ब्रेक असलेली. चुन्याच्या रेघेपाशी आलं की पाय आणि हात दोन्ही, हात हळूहळू आवळत न्यायचा. मी डोळे जवळजवळ मिटूनच आवळला. दात शाबूत राहिले. गाडीनं पुढं नाक खाली घातलं आणि ती थांबली, इतकी लवकर की मला आधी वाटलं बंदच पडली.

मग तेवढ्याच वेगानं मेहुण्याची गाडी. फक्त मागचा ब्रेक. रेघ आली, मी पाय दाबला. मगाशी थांबलो होतो ती जागा मागं गेली, आणि तरी गाडी चाललीच होती. या वेळी पडलो नाही. थांबल्यावर वळून बघितलं. सिमेंटवर काळी रेघ होती.

ती रेघ मी ओळखत होतो. दोन्ही वेळा थांबलो त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत खडीचा ट्रक सहज मावला असता.

सुभेदार शेजारी येऊन उभे राहिले. ब्रेक कुणी काढायला लावला, त्यांनी विचारलं. मी घरचंच कुणीतरी म्हटलं, आणि मग न राहवून मेहुण्याचं सगळं सांगून टाकलं. ब्रेक असता तर तो वाचला असता का, असंही विचारलं.

"तितं मी नव्हतो," ते म्हणाले. "हितलं तेवडं दिसलं तुमाला." थोडं थांबून म्हणाले, "लोकं वाईटावर न्हाईत ओ. मायेनं काढत्यात."

परत येताना मिस्त्रीकडे गेलो. त्यानं नव्या वायरीसह ब्रेक बसवला, पण दोनदा विचारून, आणि माझ्या दातांकडे बघत. वाटभर मी मनाशी घोकत होतो. घरी काहीच बोलायचं नाही. सुभेदारांचा नियमच आहे, ब्रेकशिवाय येऊ देत नाहीत, एवढं सांगायचं. तिनं ओवाळणी मागितली होती, मरण नव्हे; आणि ही गोष्ट तिला कधी कळता कामा नये.

ती ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. गाडी लावली तशी तिची नजर आधी माझ्या फाटक्या विजारीवर गेली आणि मग हँडलवर. सूप बाजूला ठेवून ती उठली. चकचकीत दांडीवरून तिनं बोट फिरवलं. मी नियमाचं सांगितलं. मग, तिनं विचारलं नव्हतं तरी, असंही सांगितलं की ट्रक फारच जवळ होता, दहा ब्रेक असते तरी काही उपयोग नव्हता.

तिनं दांडी एकदा आवळून बघितली, सोडली.

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी मला घेऊन चला. आधी दोन्ही ब्रेकनं थांबवा, मग नुसत्या मागच्यानं. मधली जागा मला चालून बघायचीय."